कशेडीची चढण आणि कंपनीचं वर्कशॉप

पोलादपूर मागे पडलं की जुना मुंबई-गोवा महामार्ग कशेडीच्या अंगावर चढू लागतो. गणपतीच्या आदल्या दिवसांत या चढणीने कोकणातल्या गाड्यांची जेवढी परीक्षा घेतली, तेवढी दुसऱ्या कुठल्या रस्त्याने घेतली नसेल. गाडीत पाच माणसं, डिकीत मखराचं सामान, एसी चालू, पुढे भरलेला मालट्रक आणि वळण सरल्यावर दिसणारा मोकळ्या रस्त्याचा लहानसा तुकडा. तेवढ्यात ओव्हरटेक झाला तर झाला. गिअर दुसरा, अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकलेला आणि टर्बो जागा होईपर्यंतचे ते दोन-तीन सेकंद. ज्याने ते सेकंद या घाटात काढलेत, त्याला 'पिकअप' का हवा असतो हे सांगावं लागत नाही.

२०२३ च्या गणपतीत कशेडीचा एक बोगदा हलक्या वाहनांसाठी पहिल्यांदा उघडला आणि मुंबईहून येणाऱ्याला हा घाट टाळण्याची सोय झाली. महाड-पोलादपूरमध्ये राहणाऱ्याला मात्र घाट सुटत नाहीत. महाबळेश्वरला जायचं तर आंबेनळी, भोरला जायचं तर वरंध, आणि जुनी कशेडी आहेच. इथे गाडी ताकदवान करून घेण्याची हौस आहे आणि त्या हौसेला जागेचं कारणही आहे. अशी गाडी बाळगणारा प्रत्येक जण रात्री शर्यती लावत फिरतो, हा समज मला चुकीचा आणि अन्यायाचा वाटतो. कित्येकांना फक्त भरलेली गाडी घाटात ट्रकच्या मागे अडकून पडू नये एवढंच हवं असतं.

खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. इंजिनाची ताकद वाढवली, एअर फिल्टर बदलला, सायलेन्सर बदलला; आता ही गाडी सर्व्हिसिंगला न्यायची कुठे? कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली तर काउंटरवरचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर बॉनेट उघडून बघतो, मान हलवतो आणि वॉरंटी संपल्याचं सांगतो. कधी गाडी आत घ्यायलाच नकार मिळतो: आधी सगळं 'स्टॉक', म्हणजे कारखान्यातून आलं तसं, करून आणा, मग बघू. मारुती, महिंद्रा, टाटाच्या गाड्यांना जवळपास पर्याय तरी सापडतो. युरोपी बनावटीची गाडी असेल तर पोलादपूरहून पनवेल किंवा पुणं गाठावं लागतं, आणि तिथून नकार घेऊन परतणं म्हणजे आख्खा दिवस आणि टाकीभर इंधन वाया. मग गाडी जाते कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये. तिथला मेकॅनिक हाताने कुशल असतो, पण त्याच्याकडे कंपनीचा स्कॅनर नसतो, सॉफ्टवेअर नसतं, आणि पुष्कळदा योग्य दर्जाचं ऑइलही नसतं. घाटात रोज चढणाऱ्या, मुळापेक्षा जास्त ताकदीच्या गाडीची देखभाल अशी निम्म्यावर येते. मला यातली सगळ्यांत मोठी चूक हीच दिसते. ज्या गाडीला नीट सर्व्हिसिंगची जास्त गरज, तिलाच ते नाकारलं जातं.

गाडीत बदल करून घेणं या मुलखाला नवं नाही. वडापच्या जीप ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक असेल, की पेट्रोलची जीप किंवा अ‍ॅम्बेसिडर घेऊन तिला मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवण्याचा उद्योग एके काळी महाराष्ट्रभर चालायचा. डिझेल स्वस्त होतं, धंदा करायचा होता. ती इंजिनं यांत्रिक होती. स्क्रू फिरवला की डिझेल जास्त, धूर जास्त, ओढ जास्त. आजच्या गाडीत तो स्क्रू ईसीयू नावाच्या छोट्या संगणकात गेला आहे. किती इंधन, कोणत्या क्षणी, टर्बोचा दाब किती, कोणत्या गिअरमध्ये किती टॉर्क द्यायचा हे सगळं त्यातल्या तक्त्यांवर ठरतं. ते तक्ते बदलणं म्हणजे रिमॅप.

फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल हे आपल्याकडचं त्याचं चांगलं उदाहरण. पुण्याजवळ रांजणगावला आणि हरियाणात मानेसरला बनणारं हे इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत होतं. ७५ पीएस ताकद आणि १९० न्यूटन मीटर टॉर्क. पण टर्बो चढण्याआधी ते अगदी मवाळ. शहरात हे खपून जातं. कशेडीच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये फेरे खाली आले की तेच इंजिन दम टाकतं. ट्यूनिंग करणाऱ्यांचं हे आवडतं इंजिन होतं, कारण थोडा दाब आणि थोडं इंधन वाढवलं की फरक लगेच जाणवायचा.

मग कंपनी स्वतःच ती ताकद का देत नाही? कारण कंपनीला तेच इंजिन राजस्थानच्या उन्हात, लडाखच्या विरळ हवेत, भेसळीच्या इंधनावर, सर्व्हिसिंगला उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात, लाखभर किलोमीटर वॉरंटीसकट चालवायचं असतं. म्हणून ती थोडी ताकद राखून ठेवते. रिमॅप करणारा ही राखीव ताकद खर्च करतो. गाडीला नवीन काही मिळत नाही; जे जपून ठेवलं होतं ते वापरायला काढलं जातं. ही गोष्ट मालकाने मनाशी स्वच्छ ठेवली तर पुढचे निम्मे वाद होणार नाहीत.

कायदा या बाबतीत मालकाच्या बाजूने नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ कडक लावला. उत्पादकाच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध जाणारा बदल राज्याच्या नियमांचा आधार घेऊनही चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद. सायलेन्सरबद्दल मला मालकांची बाजू घ्यावीशी वाटत नाही. रात्री घाटाखालच्या वाडीत झोपलेल्या माणसांना फाटका आवाज ऐकवण्याचा हक्क कुणाला नाही, आणि डिझेल गाडीचा धूर गाळणारा फिल्टर काढून टाकणाऱ्याला तर मुळीच नाही.

पण ईसीयूतला तक्ता बदलला, पेपरचा एअर फिल्टर काढून धुता येणारा बसवला, स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर वेगळे घातले, जास्त पकडीचे ब्रेक पॅड टाकले, या सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं का? कायद्याच्या भाषेत यांतलं काय 'नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत' आणि काय नाही, याची साधी यादी सामान्य माणसाच्या हाती नाही. संशयाचा फायदा मग कुणालाच मिळत नाही. कशेडीच्या चौकीवर महामार्ग पोलीस कधी अडवतात, कधी नाही. पेणच्या आरटीओत विचारायला जावं तर तिथे रिमॅपची नोंद करून घेण्याचा अर्जच नाही. अधिकृत वाट नसली की लोक चोरवाटेने जातात, आणि चोरवाटेने गेलेला माणूस सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर खोटं बोलतो.

वर्कशॉपची बाजू आधी समजून घेऊ, कारण तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपण ज्याला 'कंपनीचं वर्कशॉप' म्हणतो ते बहुधा कंपनीचं नसतं. तो डीलरचा स्वतंत्र धंदा असतो. वॉरंटीत टर्बो बदलला तर सुटा भाग आणि मजुरी यांचे पैसे डीलर कंपनीकडून मागतो. कंपनी तपासणी करते, जुना भाग मागवते, ईसीयूची नोंद बघते. तिला वाटलं की हे वॉरंटीत बसत नाही, तर पैसे नामंजूर होतात आणि तो तोटा डीलरच्या माथी बसतो. काउंटरवरच्या पोराला हे रोज ऐकवलं जातं. शिवाय कलम १८२अ मध्येच नियम मोडून गाडी विकणाऱ्या किंवा तिच्यात फेरबदल करणाऱ्या डीलरला वर्षभरापर्यंत कैद, किंवा गाडीमागे लाख रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितलं आहे. एवढं डोक्यावर असलेला माणूस नाही म्हणून मोकळा होतो, यात नवल नाही. तरीही हे ध्यानात घ्यायला हवं की ऑइल बदलणं, ब्रेक साफ करणं, कूलंट भरणं म्हणजे फेरबदल नव्हे. मालकाने दुसरीकडे केलेल्या बदलाचा गुन्हा सर्व्हिसिंग करणाऱ्याला चिकटत नाही. भीती खरी असली, तरी ती सर्व्हिसिंग नाकारायला पुरेसं कारण होत नाही.

रिमॅप लपून राहतो का, हा मालकांचा आवडता प्रश्न. बऱ्याचदा राहत नाही. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडी पोर्ट. त्यात वर्कशॉपचा स्कॅनर लावला की ईसीयू आपल्या सॉफ्टवेअरचा ओळख क्रमांक आणि त्यावरून गणित करून काढलेला एक पडताळा सांगतो. तक्त्यातला एक आकडा बदलला तरी पडताळा जुळत नाही. अनेक गाड्यांत सॉफ्टवेअर किती वेळा लिहिलं गेलं याचीही मोजणी राहते. म्हणून मूळ फाइल परत चढवून गाडी आणली, तरी मोजणीचा आकडा पुढे गेलेला असतो. वायरिंगमध्ये अडकवायचा ट्यूनिंग बॉक्स सर्व्हिसिंगच्या आदल्या रात्री काढून ठेवणारेही आहेत. पण बिघाड नोंदवताना ईसीयू त्या क्षणीचे दाब, फेरे आणि तापमान टिपून ठेवतो, आणि त्या नोंदीत न पटणारा टर्बोचा दाब सापडला की बॉक्स काढल्याचा काही उपयोग राहत नाही. उलट घडणारी गोष्टही आहे. वर्कशॉपने नेहमीप्रमाणे नवं सॉफ्टवेअर चढवलं की रिमॅप पुसला जातो, आणि काहीच न सांगता गाडी दिलेला मालक मग पिकअप गेल्याची तक्रार घेऊन येतो. दोघांनीही एकमेकांपासून लपवलं की असंच होणार.

आता मुद्द्याचं. सर्व्हिसिंग, वॉरंटी आणि विमा या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. काउंटरवर त्यांची एकच मोळी बांधली जाते. पैसे मोजून करायचं सर्व्हिसिंग हा साधा व्यवहार आहे. वॉरंटी हे कंपनीचं वचन आहे, आणि त्या वचनाला अटी आहेत. विमा हा तिसऱ्याच कंपनीशी केलेला करार आहे. सायलेन्सर बदलला म्हणून ऑइल बदलून न देणं ही मोळी बांधण्याचीच चूक. रिकॉल तर आणखी वेगळा. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०अ खाली सदोष वाहनं परत मागवण्याची तरतूद आहे आणि तिचे नियम एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. एअरबॅगसारख्या गोष्टीच्या रिकॉलसाठी आलेली गाडी फिल्टर बदललाय म्हणून परत पाठवणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळणं.

वॉरंटीबद्दल आपल्या देशात एक मोठा निकाल झालेला आहे आणि तो गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. जानेवारी २०११ मध्ये शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. कार कंपन्या सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत आणि त्यामुळे गिऱ्हाईक अडकून पडतं, अशी ती तक्रार होती. आयोगाने तपास वाढवला आणि ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाच्या रकमेवर पुढे बराच खल झाला. पण त्या आदेशात एक तत्त्व सांगितलं आहे, ते माझ्या मते दंडाहून मोलाचं आहे. गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये नेली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी, तीही परिस्थितीवरून ते स्पष्ट दिसत असेल तेव्हाच.

हा आदेश बाहेरच्या दुरुस्तीबद्दल आहे. ताकद वाढवण्यासाठी केलेल्या बदलाबद्दल नाही, आणि तो तसा आहे असं भासवून काउंटरवर भांडू नये. पण न्याय तोच लागू व्हायला हवा: कारण आणि परिणाम यांचा धागा दाखवा, आणि धागा असेल तेवढंच नाकारा. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यापासून वॉरंटीला ठराविक कंपनीचाच भाग वापरण्याची अट जोडता येत नाही, आणि बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवणं कंपनीवर येतं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू केलं. दिशा योग्य आहे. चाल संथ आहे.

धागा कसा बघायचा, हे आपल्या रस्त्यावरच्या उदाहरणांनी सांगतो. स्कोडाची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय घ्या. १८० पीएस, २५० न्यूटन मीटर, आणि मागे सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स. या गिअरबॉक्सची टॉर्क झेलण्याची मर्यादाच २५० न्यूटन मीटरची. म्हणजे गाडी कारखान्यातून बाहेर पडली तीच काठोकाठ. तिचं इंजिन रिमॅप करून टॉर्क चढवला आणि घाटात दोन पावसाळे चालवल्यावर क्लच पॅक जळला, तर कंपनीने वॉरंटी नाकारावी. मालकाने ते मुकाट मान्य करावं. इथे धागा दोरखंडाएवढा जाड आहे. पण त्याच गाडीची काच वर-खाली करणारी मोटर बिघडली, सनरूफ गळायला लागलं, एसीचा कॉम्प्रेसर बसला, तर तिथे रिमॅपचा काय संबंध? ती वॉरंटी शाबूत राहायला हवी, आणि नाकारायची असेल तर कारण लेखी मिळायला हवं.

दुसरं उदाहरण खास महाडचं आहे. थंड हवा इंजिनाला मिळावी म्हणून बाहेरच्या किटमध्ये एअर फिल्टर पुष्कळदा बंपरच्या आत, चाकाजवळ, खाली बसवतात. कंपनीने हवेचं तोंड वर, बॉनेटच्या कडेला ठेवलेलं असतं, आणि त्यामागे कारण आहे. सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाडचे रस्ते भरतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. जुलै २०२१ च्या पुरात गाड्याच्या गाड्या पाण्याखाली गेल्या. खाली बसवलेला फिल्टर गुडघाभर पाण्यातही पाणी ओढतो. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एवढ्याशा पाण्यात मूळ फिल्टरची गाडी कदाचित तरली असती. विम्याचा सर्व्हेअर हे बघणार आणि विचारणार, की हा बदल पॉलिसीत लिहिला होता का? नसेल, तर त्याने दावा अडवला म्हणून त्याला दोष देता येणार नाही. या तालुक्यांत असं किट बसवूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट ब्रेकची, आणि तिच्यावर मला रेंगाळायचं आहे, कारण ताकद वाढवणाऱ्या दुकानात तिचा विषय सगळ्यांत शेवटी निघतो. चढताना वाढलेला वेग उतरताना कमी करावा लागतो. आंबेनळीत किंवा जुन्या कशेडीत उतरताना पॅड आणि डिस्क तापतात, ती उष्णता कॅलिपरमधल्या ब्रेक ऑइलपर्यंत जाते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओल शोषलेलं असताना तोच दंडक १५५ वर येतो. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. महाड-पोलादपूरच्या पावसात आणि दमट हवेत ऑइल कोरडं राहील ही आशा सोडून द्यावी. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला टेकतं. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणं हे सर्व्हिस बुकमधलं कंटाळवाणं काम आहे. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ते वेळापत्रकाप्रमाणे होतं, बाहेर पुष्कळदा कुणाच्या लक्षातच येत नाही. आता सांगा, वाढीव ताकदीची गाडी वर्कशॉपच्या दारातून परत पाठवल्याने रस्ता सुरक्षित झाला की धोक्याचा? समोरून येणाऱ्या एसटीतल्या माणसांनी काय गुन्हा केला?

ऑइलचंही असंच. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे फिरते ती ऑइलच्या पातळ थरावर. ताकद वाढवली की उष्णता वाढते, ऑइल लवकर थकतं. अशा गाडीचं ऑइल कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या आधी बदलावं आणि ते कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच असावं. नव्या डिझेल गाड्यांत तर काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. एप्रिल २०२० ला भारत स्टेज ६ आलं तेव्हापासून तो डिझेल मोटारींत सर्रास आला. वाईट रिमॅपने काजळी वाढली की तो लवकर भरतो. चुकीच्या ऑइलमधली राख त्यात कायमची अडकते. तो तपासण्याचं, जबरदस्तीने जाळून साफ करण्याचं साधन वर्कशॉपमध्ये आहे, कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये बहुधा नाही.

वाट काढता येते, याचे दाखले आहेत. पेट्रोलच्या गाडीला सीएनजी किट बसवणं हाही फेरबदलच. पण किटला मान्यता देणारी संस्था आहे, बसवणारा अधिकृत आहे, आणि आरसी बुकात नोंद होते. फेरबदल झाल्यावर चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवण्याची तरतूद कलम ५२ मध्येच आहे. किटच्या चाचण्या करणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था पुण्यात टेकडीवर उभी आहे. जर्मनीत स्प्रिंग, चाकं, सायलेन्सर यांच्या किटला चाचणीचा दाखला असतो. ट्यूव्ह या तपासणी संस्थेचा तपासनीस गाडी बघतो आणि बदल कागदावर चढतो. कंपन्यांनाही मनावर घेतलं की जमतं. फियाटने २०१५ मध्ये रांजणगावहून १४५ पीएसची अबार्थ पुंटो काढली. टाटांनी कोइमतूरच्या जयम ऑटोमोटिव्हजबरोबर २०१८ मध्ये टियागो आणि टिगोरच्या ११४ पीएसच्या जेटीपी आवृत्त्या आणल्या. ब्रेक, सस्पेन्शन, टायर यांच्यासकट केलेलं ते काम होतं, वॉरंटी कारखान्याची होती. या तिन्ही गाड्यांचं उत्पादन बंद झालं, ही आपल्या बाजारातली खंत आहे. डीलरच्या वर्कशॉपमध्येच, मर्यादेत राहून, चाचणी झालेला रिमॅप आणि त्यासोबत सक्तीचे चांगले ब्रेक पॅड पैसे घेऊन दिले, आरसीवर नोंद झाली, विम्याचा हप्ता थोडा वाढला, तर मालक आनंदाने पैसे मोजतील. एआरएआयने मानक बनवावं आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने कलम ५२ खाली त्याला जागा द्यावी. अवघड आहे ते फक्त ठरवणं.

तोवर ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याने काय करावं? आधी वॉरंटी संपू द्या. निदान मोठ्या खर्चाच्या भागांची मुदत उलटून जाऊ द्या. घाई असेल तर वॉरंटी आपण स्वतःच्या हाताने सोडली आहे, हे मनाशी धरून चाला. मूळ भाग फेकू नका, घरात जपून ठेवा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. हप्ता वाढेल, पण अपघातानंतर तोंड लपवावं लागणार नाही. सर्व्हिसिंगला नेण्याआधी वर्कशॉपच्या सर्व्हिस मॅनेजरशी फोनवर बोला, काय बदललंय ते सांगा, सॉफ्टवेअर चढवू नका हे जॉब कार्डावर लिहून घ्या. पैसे भरून करायचं काम आणि वॉरंटीचं काम यांची जॉब कार्डं वेगळी मागा. वॉरंटी नाकारली तर कोणत्या भागाची, कोणत्या कारणाने, कोणत्या नोंदीवरून, हे ईमेलवर मागा. तोंडी नकारावर परत फिरू नका.

एवढं करूनही दाद मिळाली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे: तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे त्याला जाता येतं. डीलर पुण्यात असो, कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असो, पोलादपूरच्या माणसाला अलिबागला तक्रार लावता येते, आणि ती ऑनलाइन दाखल होते. गाडीची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. गाडीतला दोष प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा अधिकार आयोगाला आहे. धागा होता की नव्हता, ते तिथे ठरतं. पण आयोगापुढे तुमचं जॉब कार्ड वाचलं जाणार आहे. म्हणून वाचकहो, गाडीत काय बदललंय ते पहिल्याच जॉब कार्डावर खरं लिहून द्या, आणि या महिन्यात दुसरं काही नाही जमलं तरी घाटात उतरण्याआधी ब्रेक ऑइल तपासून घ्या.